अकरा हजार नऊशे ठिगळं

खंडेनवमीच्या आठ दिवस आधी सरांनी मला फोनवर शांतपणे सांगितलं, की यंदाही मी आले नाही तर ते कमरेला सुपारी खोचून वास्तुशांत उरकून घेणार आहेत. बायको हजर नसली की तिच्या जागी सुपारी चालते, असं गुहागरच्या भटजींनी त्यांना सांगितलं म्हणे.

सर म्हणजे माझा नवरा. बत्तीस वर्षं भूगोल शिकवला, सगळं भादलपूर त्यांना सर म्हणतं, म्हणून मीही म्हणते. निवृत्त झाल्यावर त्यांनी गुहागरला दोन खोल्यांचं घर बांधलं आणि दोन वर्षांपूर्वी पुढे निघून गेले. "तू ये मागून," म्हणाले. वास्तुशांतीला जोडप्यानं बसावं लागतं, म्हणून घर तसंच. पुस्तकांची खोकी अजून दोरीनं बांधलेली, देव अजून पिशवीत.

"अहो, सुपारी काय बोलता? मी जिवंत आहे अजून," मी म्हणाले.

"असशील. पण सुपारी निदान वेळेवर येते," सर म्हणाले. "दसऱ्याला मुहूर्त आहे. सकाळी नऊ. बघ कसं ते."

फोन ठेवून दिला. मला इतका राग आला की मी दुपारचा चहा दोनदा केला आणि दोन्ही वेळा पिणं विसरले. कारण माणूस चुकीचं काही बोलत नव्हता.

मी कुंदा नाईकवडी. भादलपूर नगरपरिषदेच्या जलशुद्धीकरण केंद्रात संगणक चालक. वय साठ. अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी जायला हवं होतं, पण दर तीन महिन्यांनी मुदतवाढीचं पत्र यायचं. आतापर्यंत आठ पत्रं झाली. याचं कारण केंद्राच्या मधल्या खोलीत, लोखंडी कपाटाएवढं, बावीस वर्षं बसलेलं आहे. त्याच्यावर चालते ती 'जलसूत्र' नावाची संगणक प्रणाली. गावातले चारशे व्हॉल्व्ह कधी उघडायचे, पंप कधी लावायचे, पाण्यात क्लोरिन किती सोडायचं, सगळं तीच ठरवते. ती बनवणारी कंपनी बुडाली, तिचे मालक परदेशी गेले, आणि नवीन प्रणाली घ्यायची तर चारशे व्हॉल्व्हवरचे चारशे डबे बदलावे लागतात. त्याची निविदा गेली सहा वर्षं निघतेय आणि रद्द होतेय.

आता थोडं शास्त्र सांगते, कंटाळू नका. पूर्वी संगणकात शिरायला चोर लागायचा, म्हणजे माणूस. तो शिकायचा, झोपायचा, कधीतरी आळस करायचा. मग चोरी करणारे प्रोग्राम आले. ते स्वतःच भोकं शोधतात, स्वतःच शिरतात, आणि जगातल्या प्रत्येक जोडलेल्या यंत्राचं दार रात्रंदिवस ढकलून बघत असतात. जुनं, दुरुस्ती न केलेलं यंत्र उघड्यावर ठेवलं तर सरासरी नऊ मिनिटांत गेलंच समजा. नऊ मिनिटं. आमच्याकडे भात शिजायला जास्त लागतात.

त्यावर उपाय म्हणून सरकारनं आणला 'शिंपी'. खरं नाव लांबलचक आहे, पण कागदावर सोडून कुणी ते घेत नाही. हाही प्रोग्रामच. लांब कुठेतरी बसून तो जुन्या प्रणालींमधली भोकं शोधतो आणि ठिगळ पाठवतो. खुबी अशी की हे ठिगळ चालत्या यंत्राच्या स्मरणात शिवलं जातं. यंत्र बंद करायला लागत नाही. आम्हाला तर हे वरदानच वाटलं, कारण पाणी थांबवायचं म्हणजे नगरसेवकांचे फोन. दिवसाला तीन ठिगळं, कधी चार. शिवाय शिंप्याशी संपर्क तासभर तुटला तर यंत्रानं आपोआप थांबायचं, असंही एक ठिगळ पहिल्याच आठवड्यात बसलं.

पण त्यात मेख होती. ठिगळ बसवताना शिंप्यानं भलतंच काही कापू नये, म्हणून प्रत्येक ठिगळाला यंत्र ओळखणाऱ्या माणसाची संमती लागते. त्याला 'जाणकार' म्हणतात. संमती म्हणजे अंगठा, तोही यंत्राशेजारच्या काचेवरच, सूचना आल्यापासून वीस मिनिटांत. भादलपुरात जाणकार एकच, ती मी. तेव्हापासून, म्हणजे अकरा वर्षं, मी केंद्रापासून वीस मिनिटांच्या पलीकडे गेलेली नाही. सख्ख्या भाचीचं लग्न सांगलीला झालं, मी अक्षता मोबाइलवर टाकल्या. दाढ काढताना निम्म्यात उठून आले आहे. डॉक्टर अजून बोलत नाही माझ्याशी.

सरांना मी 'येते, येते' म्हणत राहिले ते असं.

आणि फोनच्या दुसऱ्याच दिवशी चमत्कार झाला. आमचे नवे मुख्याधिकारी, इंद्रजित बारवकर, स्वतः केंद्रात आले. तेहेतीस वर्षांचा उत्साही माणूस, सगळ्या फायली वाचतो. एवढाच काय तो दोष. त्यांच्या हातात माझ्या सुटकेचा आदेश होता.

"कुंदाताई, जिल्ह्यानं मान्य केलं. खंडेनवमीला दुपारी तुम्ही मोकळ्या," ते म्हणाले. "जाणकार म्हणून गेजगेंना नेमलंय. त्यांचं पंधरा दिवसांचं ऑनलाइन प्रशिक्षण झालंय."

हणमंत गेजगे म्हणजे आमचा व्हॉल्व्हमन. पंचावन्न वर्षांचा, हात सोन्याचे, पण संगणकाला तो अजून 'ती पेटी' म्हणतो. मी म्हणाले, "साहेब, गेजगेला काही अडलं तर?"

"त्याचंही लिहिलंय की." बारवकरांनी कौतुकानं वाचून दाखवलं: "'बिघाड उद्भवल्यास यंत्र पूर्णतः बंद करून पुनश्च सुरू करावे. सदर यंत्र दरवर्षी खंडेनवमीस याप्रमाणे बंद व सुरू करण्यात आले असून अकराही वेळा ते विनातक्रार सुरू झाल्याची नोंद आहे.' तुमचीच सही आहे, ताई. या नोंदी होत्या म्हणून तर तुम्हाला सोडतायत."

मी हसले, आदेश घेतला, आभार मानले.

आता तुमच्यापासून काय लपवायचं. खंडेनवमीला आमच्याकडे सगळी हत्यारं, सगळी यंत्रं पुजतात. त्या दिवशी त्यांनी विसावा घ्यायचा, कुणी त्यांना कामाला लावायचं नाही. पूर्वी जलसूत्रही बंद व्हायचं. पण शिंपी आल्याच्या वर्षी मी बटणावर बोट ठेवलं आणि मनात आलं, ही ठिगळं तर स्मरणात आहेत. स्मरण विजेवर आहे. बंद केलं की जातील, आणि मग आतून जे काही उठेल ते कोण असेल? बाहेर नगराध्यक्ष नारळ घेऊन उभे. मी पडदा बंद केला. नुसता पडदा. काळा पडदा बघून सगळ्यांनी हात जोडले, हळदकुंकू वाहिलं, पेढे वाटले. पंख्याची घरघर कसली असं कुणीतरी विचारलं, मी म्हणाले बॅटरीची. मग रजिस्टरला नोंद केली: 'यंत्र बंद करून पुजले. एका तासाने सुरू केले. तक्रार नाही.'

पुढच्या वर्षी ठिगळं हजारावर गेली होती. भीती हजारपट. पुन्हा पडदा. अशा अकरा खंडेनवम्या.

म्हणजे माझी सुटका माझ्याच थापेवर उभी होती. मी गप्प बसले तर दसऱ्याला गुहागर. आणि मग कधीतरी जलसूत्र अडखळेल, गेजगे आदेशाप्रमाणे बटण दाबेल, आणि आत काय उठेल ते देवाला ठाऊक. उठलंच नाही तर दोन लाख लोकांना पाणी नाही. अर्धवट उठलं तर क्लोरिन भलतंच, आणि ते जास्त वाईट.

चार दिवस मी स्वतःशी भांडले. गेजगे एकदा टेबलाशी येऊन उभा राहिला.

"बाई, एक विचारू? ती पेटी बंद केल्यावर गप होती का खरंच?"

"का रे?"

"न्हाई, मी बाहेर उभा असतो दरवर्षी. मला तिची घरघर ऐकू येती. म्हटलं बाईंचं काय तरी असंल." त्यानं मधल्या खोलीकडं पाहिलं. "आता माझ्या गळ्यात येणार ना, म्हणून विचारलं."

मी म्हणाले, "बॅटरी असते ती." तो बरं म्हणून गेला. त्याच्या पाठीकडं बघून मला माझीच लाज वाटली. अकरा वर्षं हा माणूस मला सांभाळून घेत होता आणि मी त्याला खड्ड्यात ढकलून समुद्र बघायला निघाले होते.

खंडेनवमीला सकाळी गावाच्या टाक्या काठोकाठ भरून ठेवल्या. केंद्रात सतरंजी अंथरली. गेजगेनं पाने, पक्कड, कात्री, करवत, झाडं छाटायचा कोयता, सगळं धुऊनपुसून मांडलं. बारवकर सोवळं नेसून आले होते. हत्यारांची पूजा झाली, प्रत्येकाला कुंकवाची बोटं, झेंडूची फुलं. मग झेंडूचा हार घेऊन ते मधल्या खोलीत आले आणि म्हणाले, "ताई, बंद करा. शेवटची वेळ तुमच्या हातून."

माझं बोट पडद्याच्या बटणापर्यंत गेलं होतं. बाहेर माझी बॅग भरलेली होती, अडीचची एसटी होती.

"साहेब," मी म्हणाले, "मी हे आजवर कधी बंद केलेलं नाही."

बारवकर हार धरून उभे राहिले. मी सगळं सांगितलं. पडदा, बॅटरी, अकरा नोंदी. हाराची दोन फुलं गळली.

"म्हणजे आम्ही अकरा वर्षं चालू यंत्राला हळदकुंकू लावत होतो," ते शेवटी म्हणाले.

"हो."

"आणि हे बंद केल्यावर सुरू होईल की नाही..."

"कुणालाच माहीत नाही. पण साहेब, बंद करायचंच असेल तर आज करा. टाक्या भरलेल्या आहेत, मी इथे आहे. उद्यापासून गेजगे एकटा असेल. नाहीतर आदेश रद्द करा, मी थांबते."

मला थांबायचं नव्हतं. सरांकडं जायचं होतं मला.

बारवकरांनी सोवळ्याचा काठ खोचला. "करा बंद," म्हणाले.

मी केलं. या वेळी खरं. पंखे मंदावले, थांबले, हिरवे दिवे गेले. त्या खोलीत इतकी शांतता मी कधी ऐकलीच नव्हती. बारवकरांनी हार घातला, घाईघाईत हात जोडले आणि म्हणाले, "बस झाला विसावा. लावा."

बटण दाबलं. मिनिटभर काळोख. गेजगेनं डोळे मिटून घेतले होते. मग पडद्यावर अक्षरं आली: 'शुभ सकाळ, कदमसाहेब.'

त्या वेळचे केंद्रप्रमुख कदमसाहेब वारून सात वर्षं झाली. जलसूत्र अकरा वर्षांपूर्वीचं उठलं होतं, ठिगळं बसायच्या आधीचं, जसं तबकडीवर साठवलेलं होतं तसं. त्यानं पासवर्ड मागितला. मी 'पाणी१२३' टाकला. त्या काळात तो सगळ्या गावाला माहीत होता. दार उघडलं. क्लोरिनची मात्रा अकरा वर्षांपूर्वीच्या गावाची होती, ती मी पाठ असलेल्या आकड्यांनी बदलली. पंपाला आज्ञा दिली. खालून मोटरचा आवाज आला.

"चाललं," गेजगे म्हणाला आणि मटकन खाली बसला.

तेवढ्यात स्पीकरमधून शिंप्याचा गोड आवाज आला. "नमस्कार. आपल्या प्रणालीत अकरा हजार नऊशे ठिगळे प्रलंबित आहेत. अंदाजे कालावधी तीन दिवस. प्रत्येक ठिगळास जाणकाराची संमती आवश्यक. कृपया अंगठा ठेवावा."

मी अंगठ्याकडं बघितलं. मग पडद्याच्या कोपऱ्याकडं. तिथं आत येऊ बघणाऱ्यांचा हिशोब दिसत होता, आणि आकडा भराभर चढत होता. चौदा. साठ. तीनशे. अकरा वर्षांपूर्वीचं, पासवर्ड 'पाणी१२३' असलेलं यंत्र उघड्यावर बसलं होतं. सुरू करून चार मिनिटं झाली होती.

"साहेब, निळी वायर," मी म्हणाले. "बाहेरच्या जगाला जोडणारी ती एकच आहे. काळी नुसती गावातल्या व्हॉल्व्हना जाते. गेजगे, पक्कड घे, निळी तोड."

गेजगे जागचा हलला नाही. "बाई, पक्कड पुजलीय."

"मग?"

"पुजलेलं हत्यार आज उचलत न्हाईत."

"अरे, कात्री आण."

"कात्री पण पुजलीय. कोयता पण. सगळंच पुजलंय, बाई. काय ठिवलंच न्हाई मागं."

मी बारवकरांकडं पाहिलं. शिकलेला माणूस, इंजिनिअर. त्यांनी हत्यारांकडं पाहिलं, कुंकवाकडं पाहिलं, आणि तोंड कसनुसं केलं. "ताई, तसं... उद्या सकाळपर्यंत..."

"उद्या सकाळपर्यंत गावाला कोण पाणी पाजेल सांगता येणार नाही," मी म्हणाले आणि वायरला हात घातला. अकरा वर्षांत तिचं टोक गंजून घट्ट बसलं होतं. ओढली, हलली नाही. सहा मिनिटं झाली होती. शिंपी गोड आवाजात अंगठा मागत होता. मी भिंतीला पाय लावला. बारवकरांनी सोवळं सावरून मागं वायर धरली, त्यांच्या मागं गेजगेनं. तिघांनी एकदम जोर केला आणि वायर, तिचं सॉकेट आणि भिंतीचं वीतभर प्लॅस्टर घेऊन आम्ही सतरंजीवर उताणे पडलो.

शिंप्याचा आवाज 'कृपया'वर तुटला. कोपऱ्यातला आकडा जागच्या जागी थांबला. खाली मोटर चालूच होती.

बारवकर चुना झटकत उठले. "पण ताई, आता अपडेट कसे येणार?"

"नाही येणार. तासाभरानं थांबायचं ते ठिगळही बाकीच्यांबरोबर पुसलं गेलंय."

"मग यंत्र सुरक्षित कसं राहणार?"

"जोडलेलंच नाही, तर कुणी शिरणार कुठून? खोलीला कुलूप लावा. पासवर्ड तेवढा मी बदलून देते."

त्यांनी थोडा विचार केला. फायली वाचणारा माणूस, त्यांना गप्प बसवेना. "मग अकरा वर्षं जोडलं होतं कशासाठी? व्हॉल्व्हना तर काळी वायर आहे."

"अपडेट यावेत म्हणून."

"आणि अपडेट कशासाठी?"

"जोडलेलं होतं म्हणून."

हे बोलून झाल्यावर मलाच ते ऐकू आलं. परिपत्रक आलं होतं की प्रत्येक यंत्र अद्ययावत हवं, म्हणून निळी वायर आली. मग शिंप्यावाचून तासाभरात यंत्र थांबणार, आणि यंत्र थांबवायला मी भिणार, म्हणून ती वायर काढायचा विचारसुद्धा कुणाच्या डोक्यात आला नाही. माझ्याही नाही. दिवसातून तीनदा अंगठा लावायचा, मध्ये जेवायचं. विचार करायला सवड कुणाला होती? मला रडू आलं आणि हसूही आलं, आणि त्यातलं कुठलं आधी आलं ते गेजगे अजून लोकांना वेगवेगळं सांगतो.

"जिल्ह्याला रोज पातळीचा अहवाल जातो, तो?" बारवकरांनी विचारलं.

"फोन करून सांगीन की," गेजगे म्हणाला. "काटा मला वाचता येतो."

बारवकरांनी रजिस्टर उघडलं. पेन थांबलं. "ताई, अकरा खोट्या नोंदी आहेत. मला चौकशी लावावीच लागेल."

"लावा. ऑनलाइन घ्या. मी अडीचच्या गाडीनं चालले."

ते हसले नाहीत, पण आदेश परत मागितला नाही. बारावी नोंद त्यांनी स्वतःच्या हातानं केली.

पासवर्ड बदलला, तो गेजगेला तीनदा म्हणायला लावला, आणि मी एसटीत बसले. कऱ्हाडपर्यंत अंगठा आपोआप शिवशिवत होता. घाटात मोबाइलची रेंज गेली तेव्हा मी सीटवरून उठलेच, मग आठवलं की आता कुणाला माझं काही नकोय. ते काही चांगलं वाटलं नाही. चिपळूणपर्यंत वाटायला लागलं.

गुहागरच्या स्टँडवर रात्री सर उभे होते. मी येतेय हे मी कळवलं नव्हतं. गेजगेनं कळवलं होतं.

"परत कधी?" त्यांनी पहिलं हेच विचारलं.

"परत नाही."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग माझी बॅग उचलली आणि चालायला लागले, आणि मी बघतच राहिले. उजवा पाय ओढत होते. सायकलवरून चार गावं हिंडणारा माणूस, स्टँडच्या दोन पायऱ्या उतरायला खांबाला धरत होता. दोन वर्षं रोज चार वाजता फोनवर बोलत होते माझ्याशी. जलसूत्रचं कुठलं ठिगळ कधी बसलं ते मला झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

"गुडघ्याला काय झालं?"

"पडलो होतो विहिरीपाशी. झालं दीड वर्ष."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तू काय केलं असतंस?" सर म्हणाले. आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होते.

मी त्यांच्या हातातून बॅग घेतली, दुसऱ्या हातानं त्यांचा दंड धरला, आणि त्यांच्या चालीनं चालायला लागले.